मामाचा धुमा कॅमेऱ्यात येईपर्यंत

२०१२ च्या दिवाळीत माझा आतेभाऊ न्यू जर्सीहून आला, तेव्हा त्याने त्याचा व्हिडिओ कॅमेरा मला देऊन टाकला. तळहातात मावणारा, फुल एचडी, आत ३२ जीबी मेमरी आणि वर एसडी कार्डाची एक खाच. मला तो एकाच कामासाठी हवा होता. माझा मामा चाळीस वर्षं दशावतारात पखवाज वाजवतोय. कुडाळजवळच्या आमच्या गावची जत्रा तीन आठवड्यांवर आली होती. पालखी झाल्यावर मध्यरात्री सुरू होणारं नाटक पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत अखंड चित्रित करायचं आणि त्यात मामाचे हात, त्याच्या पखवाजाचा आवाज नीट यायला हवा, एवढंच मनात होतं. तीन आठवडे भरपूर झाले असं मला वाटलं. प्रत्यक्षात ते जेमतेम पुरले.

पहिली अडचण पिनेची. अमेरिकेतला चार्जर म्हणजे दोन चपट्या पिना. अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं होतं, म्हणजे आपल्या विजेवर तो बिनधास्त चालणार होता, ट्रान्सफॉर्मरची गरज नव्हती. ही ओळ वाचल्याशिवाय परदेशी वस्तू आपल्या सॉकेटला लावू नये. पण बाजारातून आणलेला पहिला कन्व्हर्टर सैल होता. हात लागला की चार्जिंगचा दिवा मिणमिणायचा. दुसरा घट्ट बसणारा आणला. तारीख-वेळही न्यू जर्सीचीच होती. कॅमेरा क्लिप तारखेप्रमाणे लावतो, त्यामुळे सकाळचं चित्रण आदल्या दिवसाखाली दिसायचं. मेनूतला टाइम झोन बदलल्यावर ते थांबलं.

खरी गोम दिसली ती ट्यूबलाइटखाली. घरात मुलांचं चित्रण करून पाहिलं, तर पडद्यावर आडवे काळपट पट्टे सरकत होते, पाण्यावर सावली हलावी तसे. मला वाटलं सेन्सर गेला. उन्हात अंगणात मात्र चित्र स्वच्छ. पुन्हा घरात आलो, की पट्टे हजर. दोन दिवस घालवल्यावर कारण उमगलं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या तांब्याच्या चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते कळत नाही. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची आणि तिथला कॅमेरा सेकंदाला ६० वेळा चित्र टिपतो. दोघांचा ठेका जुळत नाही. कधी कॅमेऱ्याच्या वाट्याला जास्त उजेड येतो, कधी कमी. भारतात विकले जाणारे कॅमेरे ५० च्या हिशेबाने बनतात म्हणून त्यांच्यात ही भानगड सहसा येत नाही.

कॅमेऱ्याचा ६० चा हिशेब बदलता येत नव्हता, पण शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी उजेड आत घेण्याचा वेळ, बदलता येत होतं. ऑटो सोडून शटर प्रायॉरिटी मोडमध्ये गेलो आणि १/६० सेकंदाच्या जागी १/१०० ठेवलं. आता प्रत्येक चित्र ट्यूबच्या बरोबर एका उजळण्या-मंदावण्याइतका वेळ उघडं राहतं, म्हणून प्रत्येकाला सारखाच उजेड मिळतो. पट्टे गेले ते गेलेच. उजेड थोडा कमी पडतो, पण चालण्यासारखा. इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबखाली आणि हॅलोजनखाली हा त्रास जवळपास नाहीच, हेही करून बघितलं. आणि देवळाच्या मंडपात कुठल्या चोकच्या ट्यूबा आहेत ते पाहायला मुद्दाम एक फेरी मारली. जुन्याच होत्या.

कार्डाची गोष्ट थोडक्यात सांगतो, पण ती मनावर घ्या. हे कॅमेरे एव्हीसीएचडी नावाच्या पद्धतीत लिहितात. सोनी आणि पॅनासोनिकने मिळून ती २००६ मध्ये आणली. मी १७ मेगाबिटचा दर्जा निवडला होता. म्हणजे सेकंदाला साधारण दोन मेगाबाइट, तासाला साडेसात जीबीच्या आसपास. आतल्या ३२ जीबीत चार तास बसत होते आणि नाटक त्याहून लांबणार होतं, म्हणून वरचं कार्ड हवं होतं. स्वस्तात ३२ जीबीचं मिळालं, वर क्लास ६ छापलेलं. पहिला तासभर ठीक. मग क्लिप उघडेनात. संगणकावर कार्ड पूर्ण भरून परत वाचणारी एक चाचणी चालवली, तेव्हा कळलं की त्यात जेमतेम आठ जीबी खरी जागा आहे, बाकीची नुसती दाखवलेली. असं कार्ड भरलं की कुठलीही सूचना न देता मागचं खाऊन टाकतं. जत्रेच्या रात्री हे झालं असतं तर? दुसरं १६ जीबीचं पक्क्या बिलाने घेतलं, तेही पूर्ण भरून तपासलं आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं. संगणकावर फॉरमॅट करू नका. कॅमेऱ्याला स्वतःचे फोल्डर स्वतःच्या पद्धतीने मांडलेले लागतात.

जत्रेला आठवडा राहिला असताना कॅमेरा घेऊन मामाकडे गेलो. पडवीत संध्याकाळी तो रियाजाला बसला होता. आधी उजव्या तोंडाचे गट्टे हातोडीने ठोकून स्वर वर आणला. मग मामीने भिजवून दिलेल्या कणकेचा गोळा डाव्या तोंडावर थापला, मधे जाड, कडेला पातळ. त्या डाव्या बाजूला धुमा म्हणतात. चिमूटभर कणीक काढायची, थाप मारून ऐकायचं, पुन्हा चिमूटभर लावायची. दहा मिनिटं हेच चाललं होतं. मग त्याने एक थाप दिली आणि पडवीच्या फळ्या छातीत वाजल्यासारख्या वाटल्या.

मी वीस मिनिटं चित्रण केलं आणि त्याच्या जुन्या डब्बा टीव्हीला वायर लावली. चित्र काळं-पांढरं. हे लगेच सुटलं. अमेरिकी कॅमेरा तिथल्या एनटीएससी पद्धतीचा सिग्नल देतो आणि टीव्ही आपल्याकडच्या पॅल पद्धतीवर ठेवलेला होता. टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टिम ऑटो केली आणि रंग आले. मामी खूश झाली. मामा मात्र डोळे मिटून ऐकत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "रे, ह्यो आवाज माझ्या पखवाजाचो नाय. धुमो खंय गेलो?"

मी म्हटलं, टीव्हीचा स्पीकर लहान आहे. त्याने मान हलवली. मग मी कॅमेऱ्याला हेडफोन लावून ऐकलं आणि मला लाज वाटली, कारण त्याचं अक्षरशः खरं होतं. उजव्या हाताचे ता, ती, टे खणखणीत ऐकू येत होते, पण डाव्या हाताचा घुमारा पोकळ, जणू डब्यावर थाप मारावी तसा. शिवाय एक जोरकस थाप पडली की पुढचा क्षणभर सगळाच आवाज दबायचा आणि मग हळूहळू वर यायचा.

दोन्ही गोष्टी कॅमेरा आपण होऊन करत होता. एक म्हणजे वाऱ्याचा आवाज कापणारी सोय. वाऱ्याची घरघर ही खालच्या सुरातली असते, म्हणून कॅमेरा खालचे सूर कमी करतो. ही सोय ऑटोवर होती, आणि कॅमेऱ्याने मामाच्या धुम्याला वारा समजून कापून टाकलं होतं. ती पूर्ण बंद केली. दुसरं म्हणजे आवाजाची आपोआप होणारी पातळी. बोलणाऱ्या माणसांसाठी ती ठीक आहे, पण पखवाजासारख्या वाद्याला ती जगू देत नाही. जोर आणि हळुवारपणा यांतला फरकच ती पुसून टाकते. माइकची पातळी मॅन्युअल केली आणि मामाला म्हटलं, तुझी सगळ्यात जोराची थाप दे. तिला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी बांधली, म्हणजे नाटकाच्या भरात हात आणखी जोरात पडला तरी आवाज फाटायला नको.

पुन्हा पाच मिनिटं वाजवलं. या वेळी हेडफोन मामाच्या कानाला लावले. त्याचा डावा हात मांडीवर हळूहळू हलायला लागला. "आता इलो," म्हणाला.

व्हिडिओ कॅमेऱ्याबद्दल जे लिहिलं जातं त्यात चित्राचंच कौतुक असतं, किती पिक्सेल, किती झूम. दशावतार, भजन, कीर्तन, ओव्या असलं काही जपायला कॅमेरा घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की आधी आवाजाच्या मेनूत जा, आणि ज्याचं गाणं-वाजवणं आहे त्यालाच हेडफोन लावून विचारा. त्याच्या कानाइतका पक्का मापक दुसरा नाही.

जत्रेच्या रात्री रंगमंचाच्या उजव्या अंगाला, पेटी आणि पखवाजाच्या बाजूला तिवई लावली. तिथून मामा आणि मधलं बाक दोन्ही दिसत होतं. दशावताराला नेपथ्य म्हणजे मागचा एक पडदा आणि ते बाक. तेच सिंहासन, तेच रथ. डिजिटल झूम बंद केला होता, कारण तो चित्र नुसतं ताणून फोडतो. रंग खरे यावेत म्हणून पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स बसवला. काळ्या झग्यातला, उंच टोपीचा संकासूर आला तेव्हा ऑटो एक्स्पोजरवर असतो तर फसलोच असतो. समोर काळं दिसलं की कॅमेरा उजेड वाढवतो आणि मागच्यांचे रंगवलेले चेहरे पांढरेफटक होतात. म्हणून गणपतीच्या प्रवेशावेळीच चेहऱ्यांवर एक्स्पोजर बांधून ठेवलं होतं. फोकसही मॅन्युअल केला. अंधारात ऑटो फोकस चाचपडत राहतो, आणि नेमका तलवारी भिडताना चित्र धूसर होतं.

कॅमेरा अ‍ॅडॉप्टरवर चालवत होतो, पण बॅटरीही चढवलेली ठेवली होती. ही सवय आतेभावाने लावली, आणि तिने रात्र वाचवली. दोनच्या सुमाराला वीज गेली. मंडप काळोखात बुडाला, प्रेक्षक ओरडले, पण मामाचा हात थांबला नाही. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा जळतच राहिला, कारण तो बॅटरीवर गेला होता. बॅटरी नसती तर लिहिता लिहिता कॅमेरा बंद पडला असता आणि ती क्लिप धोक्यात आली असती. जनरेटर सुरू होईपर्यंतची ती काही मिनिटं चित्रात फक्त काळोख आहे आणि पखवाज. जनरेटरची वीज काटेकोर ५० हर्ट्झ नव्हती, त्यामुळे त्यानंतर थोडा वेळ पुसट पट्टे दिसतात. आतली मेमरी संपत आली तेव्हा दोन प्रवेशांच्या मधल्या झांजेवर कार्डाकडे वळलो. दहीहंडी फुटली तेव्हा कार्डावर अजून अर्ध्या तासाची जागा शिल्लक होती.

संगणकावर आणतानाही एक चूक होता होता राहिली. आतल्या स्ट्रीम नावाच्या फोल्डरमधल्या एमटीएस फाइल तेवढ्या उचलाव्यात असं वाटतं, पण आधी संपूर्ण फोल्डर जसंच्या तसं दोन हार्ड डिस्कांवर उतरवा आणि मगच मेमरी पुसा. लांब चित्रण कॅमेरा तुकड्यांत लिहितो, माझा दोन-दोन जीबीच्या. हे तुकडे एडिटिंगमध्ये नुसते एकामागे एक ठेवले, तर सांध्यावर आवाजाला क्षणभर खंड पडतो. बोलण्यात कळलं नसतं, तालात लगेच कळतं. विंडोजच्या कमांडमध्ये कॉपी आणि स्लॅश बी वापरून तुकडे जसेच्या तसे जोडले आणि सांधा नाहीसा झाला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर चित्र अडखळत होतं आणि हात हलला की कडांना कंगव्यासारखे दाते दिसत होते. दाते म्हणजे बिघाड नव्हे. कॅमेरा एक आड एक ओळी टिपतो, म्हणून ते दिसतात. व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू केलं की जातात. अडखळणं मात्र नवा संगणक घेईपर्यंत राहिलं.

शेवटी सगळ्याचं एमपी-४ करून पेन ड्राइव्हवर घातलं, कारण मामाचा शिष्य त्याच्या घरच्या टीव्हीवर ते लावणार होता. महिन्याभराने तो भेटला. म्हणाला, तिसऱ्या तासात एक जागा आहे, ती मी परत परत बघतो. कणीक वाळत आलेली असते, धुम्याचा आवाज चढतो, आणि मामा वाजवता वाजवता उजव्या हाताने ताल धरून ठेवतो, डावी बोटं तांब्यात बुडवतो, ओला हात कणकेवरून फिरवतो आणि नेमका समेला परत येतो. इतकी वर्षं शेजारी बसून ते त्याला दिसलं नव्हतं. मी मामाला हे सांगितलं, तर त्यालाही ठाऊक नव्हतं की तो असं करतो.