जे-१ व्हिसावर अमेरिकेत शिकवायला जाणाऱ्यांनो, आधी विमा, मग विमान

जे-१ या देवाणघेवाण व्हिसावर अमेरिकेतल्या एका विद्यापीठात सेमिस्टरभर शिकवून नुकतीच परत आलेय. तिथले तास, सेमिनार, ग्रंथालय, सहकारी, सगळं उत्तम. त्यावर लिहीत बसत नाही, कारण तिथे कुणी अडकत नाही. माणूस अडकतो कागदांत, आणि मी अडकले विम्यात.

इथल्या एजंटने 'जे-१ ला चालतो' असं छातीठोकपणे सांगून विमा गळ्यात मारला. पॉलिसीच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत एक लाख डॉलर. विद्यापीठातल्या स्कॉलर ऑफिसातल्या (परदेशी पाहुण्या अध्यापकांचे कागद बघणारं कार्यालय) बाईंनी ते पान उलटलं आणि मागच्या तक्त्यावर बोट ठेवलं. नियम असा आहे: दर आजारपणाला किंवा अपघाताला किमान १,००,००० डॉलर, उपचारासाठी मायदेशी हलवायला ५०,०००, मृतदेह परत पाठवायला २५,०००, आणि आपल्या खिशातून भरायची रक्कम दर वेळी ५०० च्या वर नको. माझ्या तक्त्यात मायदेशी हलवणं आणि मृतदेह पाठवणं या दोन खर्चांना मिळून २५,००० होते, आणि तो एक लाख एका आजारपणाचा नव्हे, तर पूर्ण मुदतीचा होता. पॉलिसी बाद. विद्यापीठाचा विमा नव्याने घ्यावा लागला. जुन्याची मुदत सुरू झालेली, म्हणून त्यातला छदामही परत आला नाही. एका सेमिस्टरला दोन विमे! अजून संताप होतो.

एजंटच्या तोंडी हमीला काडीची किंमत देऊ नका. तो तक्ता यजमान विद्यापीठाला ईमेल करा आणि लेखी होकार आल्याशिवाय पैसे भरू नका. जे-२ वर सोबत येणाऱ्या जोडीदाराला आणि मुलांनाही हीच अट आहे. जाणूनबुजून विमा टाळला तर प्रोग्रामच रद्द होतो.

दुसरा सापळा डीएस-२०१९ (जे-१ साठी यजमान विद्यापीठ देतं तो फॉर्म) वरच्या कॅटेगरीचा. 'रिसर्च स्कॉलर' किंवा 'प्रोफेसर' म्हटलं की पाच वर्षांची सोय दिसते आणि माणूस खूश होतो. पण चार महिन्यांत काम आटोपून परतलात तरी या दोन्ही कॅटेगऱ्या पुढचे २४ महिने बंद. उरलेली वर्षं शिल्लक वगैरे राहत नाहीत. ओळखीतल्या एका प्राध्यापकांना दुसऱ्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेने बोलावलं, आणि याच कारणाने त्यांना जाता आलं नाही. काम सहा महिन्यांच्या आतलं असेल तर 'शॉर्ट-टर्म स्कॉलर' मागून घ्या. तिला ही बंदी नाही, पण सहा महिन्यांपुढे मुदतही वाढत नाही. हे फॉर्म निघायच्या आधी बोलायचं.

जे-१ संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट वेगळी, तिची यात गल्लत नको. डिसेंबर २०२४ मध्ये भारत स्किल्स लिस्टमधून (कोणत्या देशांतल्या कोणत्या क्षेत्रांना ही अट लागते, ती अमेरिकेची यादी) वगळला गेला, त्यामुळे पुष्कळांची त्यातून सुटका झाली. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीसारख्या सरकारी पैशावर जाणाऱ्यांना मात्र ती लागूच आहे.

घराचं थोडक्यात: क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून जादा डिपॉझिट मागतात. विद्यापीठाचं गेस्ट हाउस किंवा रजेवर गेलेल्या प्राध्यापकाचं घर बघा. नुसते फोटो पाहून इथून पैसे पाठवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

पोचल्यावर आधी स्कॉलर ऑफिसात हजेरी लावा, सेविसमध्ये (परदेशी विद्यार्थी-स्कॉलरांची सरकारी नोंद प्रणाली) नोंद होऊ द्या, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) वरचं नाव पासपोर्टशी ताडून पाहा, आणि मगच एसएसएनच्या (सोशल सिक्युरिटी नंबर) रांगेत उभं राहा. क्रम चुकला तर खिडकीवरून परत पाठवतात.

पगार तिथून मिळणार असेल तर भारत-अमेरिका कर करारातलं कलम २२ वाचून जा. दोन वर्षांपर्यंतच्या मुक्कामात शिकवण्याच्या आणि संशोधनाच्या पगाराला तिथला केंद्रीय कर माफ आहे, पण फॉर्म ८२३३ (करारातल्या सवलतीचा अर्ज) भरून दिला तरच कपात थांबते. पेरोलवाले तो आपणहून देतील म्हणून थांबू नका, पहिल्या पगाराआधी मागा. काही राज्यं हा करार मानत नाहीत. तिथे राज्याचा कर कापला जाणारच, त्यावर हुज्जत घालण्यात वेळ दवडू नका.