सर्व्हर चालू, रिपोर्ट बंद : आमची वाटचाल

रत्नागिरीत रुग्णालयांच्या सर्व्हरवर नजर ठेवण्याचं काम सुरू केलं, तेव्हा ‘नजर ठेवण्याचे वेगळे पैसे कसले?’ हा प्रश्न प्रत्येक दारात ठरलेला होता. बंद पडलेला प्रिंटर चालू करून दिला की पैसे लगेच मिळायचे. तो बंद पडू दिला नाही, तर देणाऱ्याला वाटायचं यांनी केलं काय? आमच्या धंद्याची गोची आजही तीच आहे.

सुरुवातीचे भागीदार संगणकवाले नव्हते, पॅथॉलॉजीचे टेक्निशियन होते, आणि कंपनी टिकली त्याचं निम्मं श्रेय त्यांचं. सगळे सर्व्हरला पिंग मारून, म्हणजे नेटवर्कवरून ‘आहेस का?’ अशी हाक देऊन, उत्तर आलं की खूश होतात. भागीदार विचारायचे, “सकाळचे उपाशीपोटीचे नमुने आठपासून येतात. साडेनऊ झाले तरी ॲनालायझर मशीनवरून एकही निकाल आला नसेल, तर तुमचं पिंग काय चाटायचंय?” आमची पहिली तपासणी यातून निघाली. डेटाबेसमधल्या निकालांच्या टेबलातली शेवटची नोंद किती वाजताची, हे दर पाच मिनिटांनी झॅबिक्स या नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून विचारायचं. सकाळी आठ ते दुपारी एक या वेळेत तीस मिनिटांत नवी नोंद नाही आली, तर फोन. रात्री हीच मर्यादा चार तासांची, नाहीतर ड्युटीवरचा माणूस वैतागून फोन उलटा ठेवतो.

निकाल अडकतो तो बहुतेक वेळा ॲनालायझर आणि सर्व्हर यांच्यामधल्या पीसीवर. मशीनची सीरियल केबल यूएसबी कन्व्हर्टरने जोडलेली असते. साफसफाईत कुणीतरी ती काढून शेजारच्या पोर्टात लावतं, पोर्टाचा नंबर कॉम ३ चा कॉम ५ होतो, आणि इंटरफेस, म्हणजे मशीनचे निकाल सर्व्हरकडे पोचवणारा प्रोग्राम, जुन्याच पोर्टावर कान लावून बसतो. किंवा रात्री विंडोज अपडेट होऊन पीसी रीस्टार्ट होतो आणि कुणी लॉगिन करेपर्यंत इंटरफेस उठतच नाही. पहिल्यावर उपाय म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट नंबर पक्का करणं आणि कन्व्हर्टरला टाय बांधणं. दुसऱ्यासाठी इंटरफेस विंडोज सर्व्हिस म्हणून चालवायचा, म्हणजे तो लॉगिनशिवायही उठतो.

एक्स-रेच्या बाजूलाही हीच गत. चित्रं साठवणारा पॅक्स सर्व्हर डायकॉम एकोला (वैद्यकीय चित्रांच्या भाषेतलं पिंग) उत्तर देतो म्हणजे चित्र साठवतोच असं नाही. डिस्क भरली की एको पास होतो आणि चित्र पाठवताना ए७०० हा जागा अपुरी असल्याचा नकार येतो. एक्स-रे मशीनच्या कन्सोलवर रांग वाढत जाते, आणि काही कन्सोल जागा कमी पडली की जुनं पुसायला लागतात. म्हणून आम्ही दर तासाला ‘चाचणी रुग्ण’ या नावाने एक लहान चित्र खरोखर पाठवतो, परत मागवतो आणि पुसतो.

मधली वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग मोठ्या शहरातली एक कंपनी इकडे उतरली. रिसेप्शनवर बावन्न इंची टीव्ही, त्यावर हिरव्या चौकटी आणि दर आमच्या निम्म्याने. त्या चौकटींमागे फक्त पिंग होतं, हे आम्ही पहिल्या दिवशीच ओळखलं, पण टीव्हीपुढे आमचं कोण ऐकणार? आमचं सर्वांत मोठं रुग्णालय गेलं, त्याच्या पाठोपाठ आणखी दोन. ‘इथल्या पोरांना मोठी कामं झेपत नाहीत’ हे वाक्य तेव्हा इतकं फिरलं की आमच्याच नातेवाइकांनी ते आम्हाला ऐकवलं. पगार पतपेढीच्या कर्जातून भागवले.

मोठं रुग्णालय सोडताना हस्तांतराच्या पत्रात आम्ही लिहून दिलं होतं की मिररमधल्या, म्हणजे एकच डेटा जपणाऱ्या जोडीतल्या, दुसऱ्या डिस्कच्या स्मार्ट या तब्येतीच्या नोंदींतला क्रमांक १९७, म्हणजे वाचता न येणाऱ्या सेक्टरांची प्रलंबित संख्या, शून्यावरून हलली आहे, ती बदला. पत्राची पोच आजही फाइलला आहे. पुढे पहिलीच डिस्क मिररमधून बाहेर पडली. सर्व्हर एका आजारी डिस्कवर चालत राहिला आणि टीव्ही हिरवाच राहिला, कारण पिंगला मिरर म्हणजे काय ते कळत नाही. डिस्क सांभाळणारा कंट्रोलर बीप करत होता. आवाजाचा त्रास होतो म्हणून कुणीतरी तो बंद केला. शेवटी डेटाबेसचं टेबल फुटलं. बॅकअप होता, त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर.

मध्यरात्री फोन आला तो आम्हालाच. गेलो.

अशा डिस्कवर चेकडिस्क ही विंडोजची दुरुस्तीची कमांड कधीही चालवू नका. उरलेलं तेही मारते. आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने निरोगी डिस्कवर प्रत घ्यायची, काय वाचलं नि काय राहिलं याची मॅप फाइल जपायची, आणि पुढची सगळी दुरुस्ती प्रतीवर करायची. बाहेर पडलेल्या डिस्कवर कधी बाहेर पडली ती तारीख मार्करने लिहून ती बाजूला ठेवायची. तिच्यावरचा डेटा शिळा असतो, आणि घाईत ती परत लावून रीबिल्ड, म्हणजे एका डिस्कवरून दुसरी भरणं, उलट्या दिशेने झालं तर ताजा डेटा शिळ्याखाली गाडला जातो. लॅबचे हरवलेले निकाल भागीदारांनी ॲनालायझरच्या मेमरीतून पुन्हा पाठवून घेतले. मशीनचं घड्याळ चुकलेलं असेल तर हे निकाल भलत्या तारखेला जाऊन बसतात. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये घड्याळं जुळवायला, लॉग १८० दिवस ठेवायला आणि सायबर घटना सहा तासांत कळवायला सांगितलं. घड्याळाचा आमचा आग्रह त्याच्या आधीपासूनचा.

डेटा परत आला. बिल कापून आणि उशिरा आलं. कंत्राट टीव्हीवाल्यांकडेच राहिलं.

त्या काळात लांज्याकडच्या एका तीस खाटांच्या रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाई नसत्या, तर हे लिहायला आम्ही नसतो. त्यांनी वर्षाचे पैसे आगाऊ दिले. फुकट नाही हो! दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या रजिस्टरमधून मनाला येईल तो रुग्ण काढतात आणि म्हणतात, “याचा एक्स-रे आणि बिल बॅकअपवरून दाखवा.” मग वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करून दाखवावंच लागतं. अशी परीक्षा घेणारं गिऱ्हाईक प्रत्येक धंद्याला एक तरी असावं. डंप फाइलच्या, म्हणजे डेटाबेसच्या बॅकअप फाइलच्या, शेवटी ‘डंप कम्प्लीटेड’ ही ओळ आहे का आणि फाइल कालच्यापेक्षा दहा टक्क्यांहून लहान तर नाही ना, हे आम्ही रोज तपासतोच. पण बाईंचा सोमवार वेगळा.

आता इकडच्या हवेबद्दल, कारण घाटावरची पुस्तकं हे सांगत नाहीत. खाऱ्या वाऱ्याने बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशी धरते. ती काढून पेट्रोलियम जेली लावा. सीलबंद बॅटरीचं आयुष्य पंचवीस अंशांवर मोजलेलं असतं, आणि दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. पत्र्याखालच्या खोलीत तीन वर्षांची बॅटरी दीडच वर्ष चालली तर दुकानदाराला शिव्या देऊ नका. यूपीएसच्या पडद्यावरची मिनिटंही खरी मानू नका. मेन बंद करून, लोड चालू ठेवून मोजा. कातळावरच्या इमारतीत अर्थिंग मे महिन्यात कोरडं पडतं. खड्ड्यात पाणी घाला आणि न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज दोनच्या आत आहे ना ते बघा, नाहीतर पहिल्याच वळवाच्या विजेला नेटवर्क कार्डं जातात. सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात हे कुणाला सांगावं लागत नाही.

महामार्गाच्या कामात जेसीबीने फायबर तोडणं नेहमीचंच, म्हणून प्रत्येक ठिकाणी फोर-जीची दुसरी लाइन हवी. आणि त्या सिमचा रिचार्ज संपला तर ते लाइन तुटल्यावरच कळतं, म्हणून दुसऱ्या लाइनमधूनही सतत पिंग जात राहायला हवं. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे इशारा पाठवणारं यंत्रच तुटलेल्या लाइनवर बसलेलं असतं. आमच्याकडे उलटं आहे. रुग्णालयाने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या सर्व्हरला हाक द्यायची. तीन हाका चुकल्या की बाहेरून फोन वाजतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला, तिथे दिवसच्या दिवस कागदावर काम चाललं, आणि मग इकडेही फोन येऊ लागले. मोठ्या रुग्णालयापाठोपाठ गेलेल्या दोघांपैकी एक परत आला. मोठ्या रुग्णालयाची निविदा पुन्हा निघाली आहे. तीत ‘चोवीस तास पिंग’ एवढंच लिहिलंय. आम्ही रिस्टोअर चाचणी धरून दर भरला, तर चाचणी वगळून किती कमी कराल, असा त्यांचा फोन आला. काही कमी होणार नाही असं कळवलंय.