तीन कोरी कार्डं

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत, दारासमोरच्या भिंतीवर, मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीचा कापडी तक्ता टांगलेला असे. त्यात खालच्या दोन ओळी बाकीच्या तक्त्यापासून वेगळ्या काढलेल्या. मला त्या ओळींचं फार वाईट वाटायचं. सगळ्यांना पंगतीत घेतलं आणि यांनाच बाहेर ओसरीवर बसवलं, असं. दहावीत, 1987 च्या पावसाळ्यात, मी विज्ञानाच्या बाईंना तसं विचारलंही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, त्यांची जागा वर आतच आहे, बेरिअमच्या आणि रेडिअमच्या शेजारी. पण तिथे बसवलं तर तक्ता 32 रकान्यांचा होतो. कागदावर मावत नाही म्हणून खाली घेतलंय, एवढंच."

तो धडा बाईंनी आमच्याकडून पाठ करून घेतला नाही. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूंवर त्यांनी स्वतःच्या हाताने मूलद्रव्यं लिहून आणली होती. प्रत्येक बाकाला 29 कार्डं. कार्डावर नाव, अणुवस्तुमान आणि ऑक्साइडचं सूत्र. सहा बाकांची कार्डं त्यांनी किती रात्री जागून लिहिली असतील, हे तेव्हा आमच्या मनातही आलं नाही. वस्तुमानाच्या चढत्या क्रमाने लावत जायचं, पण एका स्वभावाची मूलद्रव्यं एकाखाली एक आली पाहिजेत, एवढीच अट.

हायड्रोजन बाजूला ठेवून सुरुवात झाली. लिथिअमपासून फ्लोरिनपर्यंत सात, त्याखाली सोडिअमपासून क्लोरिनपर्यंत सात. सोडिअम बरोब्बर लिथिअमखाली आणि क्लोरिन फ्लोरिनखाली! सा रे ग म प ध नी झाल्यावर पुन्हा सा लागावा, तसं. न्यूलँड्स या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने 1865 च्या सुमारास हेच पाहिलं आणि त्याला अष्टकांचा नियम म्हटलं. लंडनच्या रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मात्र त्याची थट्टा झाली. मूलद्रव्यं वर्णानुक्रमे लावून पाहिलीत का, असं एकाने त्याला विचारलं. हे सांगताना बाईंचा आवाज चढला होता, तो मला अजून ऐकू येतो.

तिसऱ्या ओळीत पोटॅशिअम, कॅल्शिअम बसलं आणि पुढे गाडी अडली. कॅल्शिअमनंतरचं कार्ड टायटॅनिअमचं. आम्ही ते ॲल्युमिनिअमखाली ठेवलं. माझी मैत्रीण म्हणाली, "ऑक्साइड बघ ना. ॲल्युमिनिअमच्या दोन अणूंना तीन ऑक्सिजन, याच्या एकाला दोन." पुढे जस्तानंतर तर घोळच झाला. आर्सेनिक ॲल्युमिनिअमखाली आलं आणि ब्रोमिन फॉस्फरसखाली, दोन घरं अलीकडे. ब्रोमिनची जागा क्लोरिनखाली आहे हे आम्हांला दिसत होतं, पण क्रम मोडायचा कसा?

बाई आमच्या बाकाशी आल्या. पर्समधून तीन कोरी कार्डं काढली. एक कॅल्शिअमपुढे ठेवलं, दोन जस्तापुढे. कार्डं सरकली आणि टायटॅनिअम सिलिकॉनखाली, आर्सेनिक फॉस्फरसखाली, ब्रोमिन क्लोरिनखाली गेलं. "इथे कोणीतरी आहे," बाई म्हणाल्या, "अजून सापडलेलं नाही."

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने 1869 मध्ये 63 मूलद्रव्यं मांडताना हेच केलं. रिकाम्या घरांना त्याने पुढे नावंही दिली, आणि त्यासाठी आपला संस्कृत 'एक' घेतला: एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनिअम, एका-सिलिकॉन. म्हणजे त्या त्या मूलद्रव्याच्या खाली एक घर. एका-ॲल्युमिनिअमचं वस्तुमान 68 आणि घनता 5.9 असेल, असं त्याने सांगून ठेवलं. 1875 मध्ये फ्रान्समध्ये ल्कॉक द ब्वाबोद्राँ यांना गॅलिअम सापडलं, पण त्यांची घनता आली 4.7. मेंडेलीव्हने त्यांना लिहिलं, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली ती 5.9! ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्याचं गणित खरं निघालं. पुढे 1879 मध्ये स्कँडिअम आणि 1886 मध्ये जर्मेनिअम मिळून तिन्ही घरं भरली. गॅलिअम साधारण 30 अंश सेल्सिअसला वितळतं. आपल्या ठाण्यात मे महिन्यात ते कपाटात ठेवल्या ठेवल्या पातळ होईल, असं बाई म्हणाल्या होत्या.

एक कोडं मात्र मेंडेलीव्हला सुटलं नव्हतं. टेल्युरिअम आयोडिनपेक्षा जड, तरी त्याने ते आधी ठेवलं, कारण आयोडिनची जागा ब्रोमिनखालीच. खरं कारण 1913 मध्ये मोझ्ली या तरुण इंग्लिश शास्त्रज्ञाच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांतून कळलं: क्रम वस्तुमानाचा नाही, अणुअंकाचा, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येचा आहे. दोनच वर्षांनी, पहिल्या महायुद्धात, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत मोझ्ली मारला गेला. वय 27. त्या दिवशी तास संपल्यावरही आम्ही बराच वेळ बाकांवरून उठलो नाही.

इलेक्ट्रॉनची मांडणी बाईंनी नंतर शिकवली. सोडिअम 2, 8, 1 आणि पोटॅशिअम 2, 8, 8, 1. शेवटच्या कक्षेत दोघांचाही एकच इलेक्ट्रॉन, म्हणून दोघं एका गणात, म्हणजे एकाच उभ्या रकान्यात. कक्षा जितक्या तितकावा आवर्त, म्हणजे आडवी ओळ. कार्डं हातांनी लावलेली असल्यामुळे ते आम्हांला नवं वाटलंच नाही.

मी गेली अनेक वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात रंगांच्या प्रयोगशाळेत काम करते. पांढऱ्या रंगाचा पांढरेपणा येतो टायटॅनिअम डायऑक्साइडमुळे. त्याचं वजन करताना एकाला दोन ऑक्सिजन, चुकीच्या घरात ठेवलेलं ते कार्ड आणि मैत्रिणीचं बोट आठवतं.

2016 साली 113, 115, 117 आणि 118 या अणुअंकांच्या चार मूलद्रव्यांना नावं मिळाली आणि सातवी ओळ पूर्ण झाली. त्या संध्याकाळी मी बाईंना फोन केला. त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "आणि 119 सापडलं तर कुठे ठेवशील?"

"आठव्या ओळीत पहिलं, बाई. फ्रान्सिअमखाली."

"आणि ऑक्साइड?"

"रकान्याप्रमाणे, दोन अणूंना एक ऑक्सिजन."