बडीशेपेचा वास

आमच्या घरात एक भांडण पन्नासेक वर्षं चालू आहे, आणि त्यात ना जमीन आहे ना दागिने. थोरला भाऊ अमेरिकन इंजिनाच्या बाजूचा, मी इंग्रजी इंजिनाच्या. इंजिन म्हणजे अर्थात वाफेचं. डिझेलच्या खोक्याला आम्ही दोघंही इंजिन म्हणत नाही.

सुरुवात कुर्डुवाडीची. आजोळ तिथलं. स्टेशनाच्या एका अंगाला बार्शी लाइटची अडीच फुटी लाइन आणि तिची विलायतेत घडलेली बुटकी इंजिनं, दुसऱ्या अंगाला ब्रॉडगेजवर नाकाला चांदणी लावून धडधडत येणारं डब्ल्यूपी जातीचं इंजिन. या जातीची पहिली इंजिनं 1947 साली फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कंपनीकडून आली, हे तेव्हा आम्हाला कुठलं ठाऊक! दादा चांदणीवर भाळला. मी बुटक्या गाडीवर, कारण आजीबरोबर पंढरपूरला तिनेच जायचो. पुढे दादा न्यू जर्सीला गेला, माझी मुलगी लीड्सला, आणि भांडणाला दोन्हीकडून सरकारी पाठिंबा मिळाल्यासारखं झालं.

लीड्सहून यॉर्क जवळच. तिथल्या रेल्वे संग्रहालयात ‘मॅलर्ड’ उभं आहे. मॅलर्ड म्हणजे रानबदक. गर्द निळं, पाठीपासून नाकापर्यंत एकच गुळगुळीत उतार, चाकं तेवढी तांबडी. नळी, पाइप, दट्ट्या असलं काही डोळ्यांवर येत नाही. इंग्रजी इंजिनाची एकूण रीतच ती: जे काय मशीन आहे ते शक्यतो पोटात. लग्नाला निघालेल्या गृहस्थासारखं. कडक इस्त्री, आणि पाकीट कुठल्या खिशात आहे याचा पत्ता नाही.

अमेरिकन इंजिन बघावं तर मोडीवाल्याची हातगाडी. बॉयलरवर घंटा, वाळूचा घुमट, पोटावर पंप, सगळ्या अंगावर नळ्यांचं जाळं, समोर हा मोठा दिवा. लहानपणी मी याला गबाळेपणा म्हणायचो. आता कारण कळतं. माळावर शे-दोनशे मैलांत शेड नाही. बिघडलं तर ड्रायव्हरचा पाना थेट त्या जागी पोचला पाहिजे. रुळांना कुंपण नाही, म्हणून दिवा, घंटा आणि पुढे गाईगुरं बाजूला सारणारी ती जाळी.

आणि आकार! गंमत अशी की दोन्ही देशांत दोन रुळांमधलं अंतर एकच, चार फूट साडेआठ इंच. पण इंग्रजांनी आगगाडी सगळ्यांच्या आधी केली, म्हणून त्यांचे पूल आणि बोगदे बुटके. जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजा जसा, आत यायचं तर वाकून या. त्यामुळे तिथलं इंजिन उंचीला 13 फुटांच्या आसपास अडकलं. अमेरिकन 15-16 फुटांपर्यंत चढलं. पेनसिल्व्हेनियात स्क्रँटन नावाचं गाव आहे, तिथे ‘बिग बॉय’ या जातीचं एक इंजिन उघड्यावर ठेवलंय. दादाने मला मुद्दाम नेलं. टेंडर, म्हणजे मागची कोळसा-पाण्याची गाडी, धरून 132 फूट लांब, मॅलर्डच्या तिपटीहून जड. 1941 ते 44 मध्ये अशी 25 इंजिनं डोंगर ओलांडायला बांधली. त्याच्या चाकाशेजारी उभं राहिल्यावर मी काही बोललो नाही. दादाही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिला. हे जास्त लागलं.

परतताना गाडीत मी माझं ठेवणीतलं काढलं. 3 जुलै 1938. इंग्लंडातल्या स्टोक बँकच्या उतारावर मॅलर्डने ताशी 126 मैल, म्हणजे 203 किलोमीटर वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. ड्रायव्हर जो डडिंग्टन. आणि आगीत कोळसा फावड्याने टाकणारा टॉमी ब्रे, हाताने! बिग बॉयला कोळसा भरायला यंत्र लागायचं.

“आणि मग?” दादा म्हणाला. त्याला पुढचं माहीत होतं.

पुढचं असं, की त्या धावेनंतर मॅलर्डचं मधल्या दांड्याचं बेअरिंग तापून बिघडलं आणि गाडी लंडनला न जाता पीटरबरोला थांबली. मॅलर्डला सिलिंडर तीन. दोन बाहेर, एक मधोमध, पोटात. बाहेरचं ड्रायव्हरला बघता येतं, हात लावता येतो. पोटातलं दिसणार कसं? म्हणून त्या लोकांनी तिथे बडीशेपेसारख्या उग्र वासाचं एक पुडकं बसवलं होतं. बेअरिंग तापलं की पुडकं फुटायचं आणि ड्रायव्हरला नाकाने समजायचं. बिग बॉयचे चारही सिलिंडर बाहेर, उन्हात.

“झाकून ठेवायचं आणि मग वास घेत बसायचं,” दादा म्हणाला. “तुझा स्वभाव आहे हा.”

मी गप्प बसलो असतो, पण माझ्याकडे अजून एक पत्ता होता, तो खरं तर दोघांनाही अडचणीचा. मॅलर्डची शिट्टी इतर इंग्रजी इंजिनांसारखी किंचाळत नाही, अमेरिकन धाटणीची आहे, एकदम अनेक सुरांत घुमणारी. उलट 1831 साली ‘जॉन बुल’ नावाचं इंजिन इंग्लंडहून सुटे भाग करून अमेरिकेत गेलं. आयझॅक ड्रिप्स नावाच्या तरुण मेकॅनिकने ते जोडलं, आणि तिथल्या वेड्यावाकड्या रुळांवर ते वळेना म्हणून पुढे जास्तीची चाकं लावली. आपली सून माहेरचं नाव लावून सासरचा शिरा करते, तसं. 1969 मध्ये ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे जुनं इंग्रजी इंजिन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलं तेव्हा त्या नीटस इंग्रज म्हाताऱ्यालाही घंटा, दिवा आणि जाळी चढवावी लागली. फोटो पाहवत नाही. मालकाचं दिवाळं निघालं ते वेगळंच.

इंग्लंडात मुख्य लाइनवरची वाफ 1968 च्या ऑगस्टमध्ये संपली, अमेरिकेत त्याच्या काही वर्षं आधी. डोळ्यांत कोळशाचे कण जाणं संपलं, म्हणून मावशीने सुटकेचा निःश्वास टाकला असता. फावडं मारणाऱ्यांच्या पाठीला विचारलं तर तीही आठवण काढणार नाही. तरीही लोकांनी काय करावं? आठवड्याला एका बिअरच्या किमतीएवढी वर्गणी काढून, गणपतीसारखी, डार्लिंग्टनला ‘टॉर्नेडो’ नावाचं अख्खं नवं इंजिन बांधलं. 2008 मध्ये ते धावलं. अमेरिकेत बिग बॉयपैकी 4014 नंबरचं 2019 मध्ये पुन्हा चालू केलं, आता ते तेलावर चालतं. कोळसा नाही म्हणून दादा जरा खट्टू आहे, पण कबूल करत नाही.

त्या रात्री जेवण झाल्यावर वहिनींनी बडीशेपेची वाटी पुढे केली. दादाने चिमूट घेतली, नाकाशी नेली आणि ओरडला, “अगं, थांबव, थांबव! याचं मधलं बेअरिंग गेलं!”