पूर्वी स्टारची नोंद

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मी कल्याण संघटक आहे. त्याआधीची सगळी नोकरी फौजेत क्लार्क म्हणून झाली, त्यामुळे रेकॉर्ड दुरुस्तीची प्रकरणं आपसूक माझ्या टेबलावर येतात. बहुतेक नावांची असतात. लग्नात बायकोचं नाव बदललेलं, डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून सुटताना मिळणाऱ्या नोंदवहीत, माहेरचं, आधारवर सासरचं, आणि नवरा गेला की फॅमिली पेन्शन तिथेच अडते. मेडलसाठी मात्र फारसं कुणी येत नाही. शौर्यपदकाला भत्ता असतो, सेवेच्या मेडलला काही नसतं. मग घरची माणसं म्हणतात, कशाला त्या फेऱ्या?

माण तालुक्यातले एक निवृत्त नाईक, आण्णा, नातीला घेऊन आले ते अशाच मेडलसाठी. पंचाहत्तरी ओलांडलेली, कानानं कमी, पाठ ताठ. 71 च्या लढाईत ड्रायव्हर होते. 16 डिसेंबरला, विजय दिनाला, त्यांच्या भागात 71 च्या सैनिकांचा सत्कार झाला. यादी करणाऱ्यांनी डिस्चार्ज बुकं मागवली आणि ज्यांच्या बुकात पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार, म्हणजे पूर्व किंवा पश्चिम आघाडीचं मेडल, आहे त्यांची नावं घेतली. आण्णांच्या बुकात संग्राम मेडल होतं, स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्षाचं मेडल होतं, नऊ वर्षांच्या सेवेचं होतं. स्टार नव्हता. संग्राम मेडल त्या काळात सेवेत असलेल्या सगळ्यांनाच मिळालं, माणूस देशात कुठंही असो. युद्धक्षेत्रात होता हे सांगतो तो स्टार. म्हणून आण्णा समोरच्या खुर्च्यांत बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी पारावर कुणीतरी बोललं, "म्हातारा मागंच हुता वाटतं, पीसमध्ये." पीस म्हणजे लढाईपासून लांबचं ठाणं.

"साहेब, पैशाचं काय न्हाय," ते मला म्हणाले, "म्या तिथं हुतो, येवढं लिवून मिळालं पायजे."

मी त्यांना बोलू दिलं. मेघालयातल्या तुऱ्याहून खाली उतरणारा रस्ता, सीमेपलीकडे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातली कमालपूरची चौकी, ती 4 डिसेंबरला पडली, मग बक्षीगंज, मग ब्रह्मपुत्रा. "जनरल सायबाची जीप सुरुंगावर गेली. दुसऱ्या दिवशी आमी त्याच रस्त्यानं ॲम्युनिशन घिऊन गेलो, चाकाकडं बघत." त्या भागातल्या आपल्या फौजेचे प्रमुख मेजर जनरल गुरबक्षसिंग गिल बक्षीगंजजवळ सुरुंगानं जखमी झाले होते, हे मला वाचून माहीत होतं. आण्णांना ते वाचून माहीत असण्याचं कारण नव्हतं. नदीवर गाड्या थांबल्या आणि माल बैलगाड्यांवर चढला. पलीकडे जायच्या तयारीत 1 मराठा होती, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, तिनं पुढे जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता रोखून धरला आणि 11 डिसेंबरला जमालपूर पडलं. "अंधारात मराठी ऐकलं साहेब. गावाकडच्या बाजारात आल्यागत झालं."

त्यांच्या एका शब्दावर मला शंका आली नाही. पण रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे सैनिकांचे सेवा अभिलेख सांभाळणारं फौजेचं कार्यालय, आठवणीवर चालत नाही आणि चालूही नये, नाहीतर कुणीही उठून स्टार मागेल. तिथे पार्ट टू ऑर्डर लागते. फौजेत माणसाच्या आयुष्यात जे काही घडतं, बदली, रजा, लग्न, मूल, दवाखाना, ते युनिट पार्ट टू ऑर्डरने छापतं आणि त्यावरून रेकॉर्ड ऑफिस त्याच्या शीट रोलमध्ये, म्हणजे सेवापटात, नोंद घेतं. मेडलचंही तसंच. युनिट पात्र माणसांचा नॉमिनल रोल, म्हणजे नावांची यादी, करतं, ऑर्डर निघते, मग नोंद, मग मेडल. ऑर्डरच निघाली नसेल तर पुढचं काहीच होत नाही, आणि सैनिकाला ते कळतही नाही.

आण्णांचं युनिट डिसेंबर 71 मध्ये आघाडीपासून लांब होतं. त्यातले काही ड्रायव्हर दुसऱ्या युनिटला अटॅचमेंटवर, म्हणजे तात्पुरते, दिले होते, त्यांत हे. लढाई संपल्यावर परत आले, रजेवर गेले, रजेवरून येतात तोवर तिसरीकडे बदली. ज्यांच्याबरोबर लढले त्यांनी रोल केला तेव्हा हे तिथे नव्हते. मूळ युनिटच्या लेखी युनिट लढाईत नव्हतं. नव्या युनिटला काही ठाऊकच नव्हतं. मुद्दाम कुणी काही केलं नाही, पण माणूस तिघांच्या मधून निसटला. अटॅचमेंटवरच्या माणसांचं हे नेहमीचं दुखणं आहे.

पहिल्या अर्जाला उत्तर आलं की सेवा अभिलेखात नोंद आढळत नाही. एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. या उत्तराचा अर्थ "तुम्ही तिथे नव्हता" असा होत नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. नोंद नाही, एवढंच ते म्हणतात. मी शीट रोलचा उतारा मागवला. त्यात अटॅचमेंटची ओळ होती, पण युनिटच्या नावाच्या जागी संक्षेप, तोही फिकट, आणि आण्णांना त्या युनिटचा आकडा आठवेना. नंबरशिवाय 71 सालच्या ऑर्डरी धुंडाळा असं कुठल्या तोंडानं सांगणार?

मी नातीला म्हटलं, ताई, घरी जुनं काही असेल तर बघा. फोटो, पे बुक, पत्रं, काहीही.

पुढच्या वेळी आजी स्वतः आल्या. कमरेला पिशवी, पिशवीत रुमालात बांधलेली फोर्सेस लेटरं, म्हणजे आण्णांची फौजेतून आलेली पत्रं. आजींना वाचता येत नाही. त्या काळी शाळेतले गुरुजी वाचून दाखवायचे आणि मग ती ट्रंकेत जायची. मी एकेक हातात घेतलं. निळसर कागद, घडीवर झिजलेला, शाई तपकिरी झालेली. एकावर फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का, मधोमध 8 डिसेंबर 1971, आणि मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता आण्णांच्याच अक्षरात: नंबर, हुद्दा, नाव, "अटॅच्ड" आणि पुढे युनिटचा पूर्ण आकडा. शेवटी मार्फत 99 एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. फौजेतल्या माणसाला 99 म्हणजे पूर्व आणि 56 म्हणजे उत्तर-पश्चिम हे सांगावं लागत नाही. मी खुर्चीवरून उठलोच.

आत लढाईचं एक अक्षर नव्हतं. पत्रं सेन्सॉर होत, जागेचं नाव लिहायची सोय नव्हती. विहिरीला पाणी किती आहे, शाळवाला पाळी मिळाली का, खोंडाचा पाय बरा झाला का, माझी काळजी करू नये, ड्यूटी चालू आहे. कमालपूर पडून चार दिवस झाले होते आणि हा माणूस खोंडाचा पाय विचारत होता. मी मोठ्यानं वाचलं, आण्णांना ऐकू जावं म्हणून, आणि आजी मधेच म्हणाल्या, "खोंड इकला हुता तवा. मी कळिवलं न्हाई ह्यांस्नी."

मूळ पत्र पुराव्याला लावू का विचारलं तर आजींनी हात पुढे केला. "झेरॉक्स घ्या. कागद माझा मला द्या."

दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढल्या, साहेबांकडून साक्षांकित करून घेतल्या. अर्जात स्टारची मागणी शेवटी ठेवली. आधी विचारलं की या युनिटच्या डिसेंबर 71 च्या ऑर्डरींत या नंबरची अटॅचमेंट तपासावी. शोधणाऱ्या क्लार्कला नेमका आकडा आणि तारीख दिली तर तो शोधतो, हा माझा अनुभव आहे. आण्णा पेन्शनर, म्हणून त्यांचे कागद शाबूत होते. पेन्शन न मिळालेल्यांची सेवा कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट होतात, त्यांच्या बाबतीत घरातलं एखादं पत्रच उरतं. कुणाच्या घरी अशी ट्रंक असेल तर ती रद्दीत घालू नका, हे मी हात जोडून सांगतो.

ऑर्डर सापडली. अटॅचमेंटवर घेतलं ती तारीख, सोडलं ती तारीख. रेकॉर्डने पूर्वी स्टारची नवी पार्ट टू ऑर्डर काढली आणि मूळ डिस्चार्ज बुक मागवलं. ते पाठवायला आण्णा तयार होईनात, चाळीस वर्षं जपलेली वस्तू. मी साक्षांकित प्रत त्यांच्या हातात दिली, स्पीड पोस्टाची पावती दिली, तेव्हा कुठे सोडलं. बुक परत आलं ते मेडलच्या रकान्यात नवी ओळ, सही आणि शिक्का घेऊन. आण्णांनी ती ओळ नातीकडून वाचून घेतली, मग माझ्याकडून, आणि विचारलं, "ह्याची झेरॉक्स पारावर लावली तर चालंल का?" चालेल म्हटलं.

मेडल अजून आलेलं नाही, त्याला आणखी वेळ लागेल. पण उताऱ्यात त्या अटॅचमेंट ऑर्डरवरची बाकीच्या ड्रायव्हरांची नावंही आली आहेत. एकाचं गाव शेजारच्या जिल्ह्यात निघालं. तो गेला, बायको आहे, तिच्याकडच्या डिस्चार्ज बुकातही स्टार नाही. तिथल्या कल्याण संघटकांशी बोलून ऑर्डरचा नंबर त्यांना कळवला आहे. उरलेल्यांची गावं आण्णा आठवून सांगतायत आणि नात लिहून घेतेय.