पांदणीचा गारा आणि सिस्सूचा बर्फ

मागच्या जानेवारीत आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर गाडी चालवली आणि तेव्हापासून तो विषय डोक्यातून जातच नाहीये, म्हणून आज लिहूनच टाकतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, आर्णीकडचा. आमच्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा वावरं पांढरी झालेली पाहिली होती, पण खाली गहू-हरभरा झोपलेला होता, त्या पांढऱ्याकडे कोणाला बघवत नव्हतं.

पण घसरणं आम्हाला नवीन नाही ना भाऊ! जुलैत काळी माती भिजली की आमची पांदण, म्हणजे शेतात जायची कच्ची वाट, अशी होते की पायी माणूसही धुऱ्याधुऱ्यानं जातो. मी गाडी शिकलो ती तिथंच, मामांच्या जुन्या कमांडर जीपवर. ताकद फक्त मागच्या चाकांना, त्यामुळे जरा ॲक्सिलरेटर जास्त दिला की मागचं बूड निघालंच बाजूला. मामा शेजारी बसून एकच सांगायचे, "ब्रेकवर पाय नको देऊ बापू, बूड जिकडं जाते तिकडंच स्टेअरिंग फिरव, अन् सरळ होत आली की लगेच सोड." हे अंगात मुरायला दोन पावसाळे गेले, पण एकदा जमलं की त्या घसरण्याचीच ओढ लागते. गाडी आडवी चाललीय, आपण तिला हळूच परत आणतोय, ते दोन-तीन सेकंद मला आजही जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त आवडतात.

तर जानेवारीत मनालीला गेलो, एका मित्राची तिथं फोर बाय फोर जिप्सी आहे. अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये उतरलो. हा बोगदा ९.०२ किलोमीटरचा, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, त्याआधी रोहतांगची खिंड बर्फानं बंद झाली की हिवाळाभर तिकडं गाडीनं जायची सोय नव्हती. सिस्सू गावाच्या अलीकडे एक सपाट मोकळी जागा होती, आजूबाजूला माणूस नाही, दरी नाही, बर्फ दाबून दाबून काचेसारखा झालेला. मित्र म्हणाला, "ले, चला. बस ब्रेक मत मारना." मला एकदम मामाच आठवले.

पहिल्या वळणालाच कळलं की हे वेगळं प्रकरण आहे. आमचा गारा, म्हणजे चिखल, चाकाला चिकटतो, गाडीला मागं ओढतो, इंजिन ओरडतं, म्हणजे चुकलं तरी चिखलच तुम्हाला थांबवतो. बर्फ काहीच धरत नाही. आणि आवाजच नाही! गाडी शांतपणे आडवी होते आणि तशीच जात राहते, जात राहते... स्टेअरिंग फिरवलं की अर्ध्या सेकंदानं तिला समजतं, तेवढ्यात घाबरून अजून फिरवलं तर ती दुसऱ्या बाजूला झपकन जाते. माझी सुरुवातीला दोनदा पूर्ण गिरकी झाली. मग हात हलके केले, नजर बोनेटवरून काढून जायचं तिकडं ठेवली, आणि मग जे जमलं ना, मोठा गोल, पूर्ण आडवी जिप्सी, वेग फक्त पंचवीस-तीस, आणि मी मोठ्यानं हसतोय. दोन तास केलं तेच. जेवायलाही उतरलो नाही.

मित्रानं एक गोष्ट बजावून सांगितली आणि ती खरीच आहे. फोर बाय फोर गाडी पुढं काढते, थांबवत नाही. कोरड्या डांबरावर चाळीसच्या वेगात कच्चकन ब्रेक मारला तर आठ-नऊ मीटरात गाडी उभी राहते, तेच बर्फावर साठ मीटरच्या वर जाते, म्हणजे आमच्या अंगणातून ब्रेक मारला तर गाडी मारुतीच्या देवळापाशी थांबणार. आणि कडक थंडीतल्या बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा, वरून जरा ओलसर झालेला बर्फ जास्त घसरतो. म्हणून ही मजा फक्त मोकळ्या जागेत. परत येताना रस्त्यावर आम्ही चाकांना बर्फात धरणाऱ्या चेन लावून वीसच्या वेगानं आलो, सावलीतल्या वळणांवर तर त्याहून हळू.

घरी आल्यावर ओट्यावर बसून सगळ्यांना व्हिडिओ दाखवले. मग एस्टोनियाचं सांगितलं, तिथं हिवाळा कडक पडला की हिऊमा बेटाकडं जायला चक्क गोठलेल्या समुद्रावरून २६ किलोमीटरचा रस्ता उघडतात. त्यावर सीट बेल्ट लावायचा नाही, बर्फ फुटला तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून. आणि वेग पंचवीसच्या खाली नाहीतर चाळीस ते सत्तर, मधला चालत नाही, कारण त्या वेगात बर्फाखालच्या पाण्यात लाटा तयार होऊन बर्फच तडकू शकतो. आजी म्हणाली, "माय वो, समुद्रावरून?"

मामा मात्र बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तिकडच्या लोकायची तं रोजची गाडी असन नं, ते कसे जातात?" मी म्हटलं, मामा, स्वीडन-फिनलंडकडं हिवाळ्यात टायर बदलतात, बरेच जण बारीक लोखंडी खिळे बसवलेले टायर लावतात, ते खिळे बर्फात रुततात.

"मंग असं सांग नं," मामा म्हणाले, "टायरले नाल ठोकतात म्हणून. आपण बैलाले ठोकतो तशी."

आता पुढच्या जानेवारीत मामांनाही घेऊन जायचंय. स्टेअरिंगवर आधी तेच बसणार, हे त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय.