दोन रेशनकार्डं, एक स्वयंपाकघर

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच काकांचा फोन आला. "हे बघ, दवाखान्याचं मी आज सांगणार नाही. ती अण्णाची गोष्ट आहे. त्याला विचारायचं राहून गेलं."

काका आमच्या त्या संध्याकाळचे शेवटचे कथनकार होते. वय सत्तरीच्या पुढं, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त. अण्णा छापखान्यात मुद्रितशोधक. १९७९ पासून अण्णा जाईपर्यंत दोघं पुण्यात एकत्र राहिले, आधी एका वाड्यातल्या दोन खोल्यांत आणि वाडा पाडल्यावर त्याच जागेवरच्या इमारतीत. नावं, पेठ, आगार यांतलं काही मी इथं देणार नाही. तसं आमच्यात ठरलं आहे, आणि हा मजकूर छापण्याआधी काकांनी वाचला आहे.

मी पेशानं समुपदेशक. समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी माणसांनी आपल्या जगण्यातला एखादा प्रसंग लोकांसमोर उभं राहून सांगायचा, असे कार्यक्रम आम्ही काही जण मिळून करतो, आणि ते मराठीतून करतो. मोठ्या शहरांत असे मंच आहेत, पण तिथं बरंचसं बोलणं इंग्रजीत चालतं. ज्या माणसाचं भांडण मराठीत झालं, ज्याला शिव्या मराठीत बसल्या आणि ज्यानं प्रेमही मराठीतच केलं, त्याला ते परक्या भाषेत सांगायला लावलं की तो सांगतो खरं, पण वरवरचं. हे मी माझ्या खोलीत बसलेल्या माणसांच्या बाबतीत रोज पाहते. म्हणून हा खटाटोप.

माझ्याकडं तालमींचं काम असतं. लिहून आणलेलं वाचायचं नाही, आठ मिनिटांत बसवायचं, स्वतःवर गुदरलेलंच सांगायचं. प्रत्येकाला मी पहिल्याच बैठकीत विचारते, की या गोष्टीत आणखी कोण कोण आहे आणि तुम्ही हे सांगणार असल्याचं त्यांना माहीत आहे का? आई, जुनी मैत्रीण, वसतिगृहातली खोलीसोबतीण, कुणीही. त्यांचा होकार नसेल तर ओळख पटणार नाही इतकं बदलायचं किंवा तो भाग सोडून द्यायचा. सभागृहाच्या दारात सगळ्यांचे मोबाइल टोपलीत जमा होतात. चित्रण होत नाही, ध्वनिमुद्रण होत नाही. माइक हातात येईपर्यंत, आणि आल्यावरसुद्धा, कथनकार माघार घेऊ शकतो. लोकांना हे अति वाटतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ३७७ कलमातून परस्परसंमतीचे संबंध वगळले, त्यामुळं आता आम्ही गुन्हेगार नाही हे खरं. पण घरमालक, कंपनीतला वरिष्ठ, गावाकडचा चुलता यांनी काही तो निकाल वाचलेला नसतो. एका फोटोपायी भाड्याची खोली गेलेली माणसं मला माहीत आहेत.

काकांच्या फोननंतर आमच्यात बरीच बोलाचाली झाली. एक सहकारी, कळकळीचा माणूस, म्हणाला, "अगं, सगळ्या कार्यक्रमाचा जीव त्या प्रसंगात आहे. कागदावर नातं नसलं की माणसाचं काय होतं हे लोकांना कळायला नको?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. तालमीत काकांनी ते सांगितलं तेव्हा खोलीतले आम्ही सगळे हललो होतो. त्यांनी काय सांगितलं होतं ते मी इथंही लिहिणार नाही.

मी काकांच्या बाजूनं उभी राहिले आणि त्याचं कारण इथं स्पष्ट सांगते. आमच्या गोष्टी ऐकायला येणारे लोक बहुतेक वेळा जखम बघायला आलेले असतात. वाईट हेतूनं नव्हे, त्यांना खरंच दुःख वाटून घ्यायचं असतं. पण सांगणाऱ्याला लवकरच कळतं की कुठल्या वाक्याला रुमाल बाहेर येतात. मग तो तेवढंच वाक्य घासूनपुसून ठेवतो आणि बाकीचं आयुष्य गळून जातं. माराचीच गोष्ट पुन्हापुन्हा सांगून थकलेली पोरं माझ्याकडं समुपदेशनाला येतात. त्यांना दुसरं काही विचारलं तर पटकन आठवतसुद्धा नाही. एखाद्या माणसाला आपल्या चाळीस वर्षांतली कुठली आठ मिनिटं लोकांपुढं ठेवायची हे ठरवता येत नसेल, तर असा कार्यक्रम करू नये, असं माझं मत आहे. ते मी तिथं सांगितलं आणि शेवटची जागा काकांकडंच राहिली. काय सांगणार, हे त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

संध्याकाळी सभागृह भरलं. कॉलेजची मुलं पुढं सतरंजीवर, आईवडील मागच्या खुर्च्यांवर, दाराजवळच्या. सांगलीकडच्या एका जोगत्यानं यल्लमाच्या गाण्यानं सुरुवात केली आणि आपल्या गुरूनं पहिल्यांदा लुगडं कसं नेसवलं ते सांगितलं. मराठवाड्यातल्या एका ट्रान्स मुलानं वसतिगृहाच्या अर्जाची गोष्ट सांगितली. दोन्ही छान झाल्या. मग काका उठले, माइक स्टँडवरून काढून हातात घेतला आणि म्हणाले, "आमच्याकडं दोन रेशनकार्डं होती."

एकावर ते एकटे, दुसऱ्यावर अण्णा एकटे, पत्ता एकच. दोन्ही कार्डांवर साखर आणि रॉकेल मिळायचं आणि दोघांचं बरं चाललं होतं. ब्याऐंशी-त्र्याऐंशी साली कुणीतरी तक्रार केली आणि रेशनिंगचा इन्स्पेक्टर दारात आला. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, त्यांचं एकच कार्ड, असं त्याचं म्हणणं. स्वयंपाक वेगळा असेल तर दुसरा स्टोव्ह दाखवा. एकत्र असेल तर एक कार्ड रद्द करा, दुसऱ्यावर दोन्ही नावं घाला आणि कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं या रकान्यात भरा.

"अण्णा दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढायचा," काका म्हणाले. "वेलांटी पहिली की दुसरी, हे हातभर लांबून ओळखायचा. त्या रकान्याकडं तो नुसता बघत बसला."

इतक्यात खालच्या मजल्यावरच्या काकू जिना चढून वर आल्या. विधवा बाई, एकट्या राहणाऱ्या. हातात त्यांचा स्वतःचा पंपाचा स्टोव्ह. "अण्णा, तुमचा स्टोव्ह आणलाय हो. वायसर बदललंय, आता पंप धरतो." असं म्हणून त्यांनी तो कोपऱ्यात फरशीवर ठेवला आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. इन्स्पेक्टरनं स्टोव्हकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं, वहीत 'स्वयंपाक वेगळा' असं लिहिलं आणि गेला. त्याची पावलं जिन्यावरून पार खाली उतरेपर्यंत काकू हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "संध्याकाळी परत द्या. मला भाकरी करायचीय."

वायसर म्हटल्याबरोबर मागच्या खुर्च्यांवरचे आईवडील हसले होते. पुढच्या मुलांना काही कळेना. काका थांबले आणि पंपाचा स्टोव्ह कसा पेटवतात ते त्यांनी त्यांना नीट समजावून सांगितलं. काकडा कसा धरायचा, बर्नर तापल्याशिवाय पंप का मारायचा नाही, पिन केव्हा करायची. आठ मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. घंटा माझ्या हातात होती, मी ती वाजवली नाही. कार्यक्रम सुरू झाल्यापासून दाराशी बसलेले ते आईबाप पहिल्यांदाच खुर्चीत मागं रेलून बसले होते. त्यातल्या एका वडिलांनी तर तिथूनच ओरडून सांगितलं, "रॉकेल गाळून घ्यावं लागायचं, ते सांगा!" काका म्हणाले, "बरोबर, गाळून."

पुढं काकूंच्या शेवटच्या आजारपणात वरून डबा जात राहिला. अण्णा पोळ्या लाटायचे, काका आमटी करायचे. "तिनं आम्हाला कधी काही विचारलं नाही, आम्ही कधी काही सांगितलं नाही. पण स्टोव्ह उगाच कुणी दोन जिने चढवत नाही." इथं काकांनी माइक परत स्टँडला लावला.

प्रश्नांच्या वेळी पहिल्याच रांगेतल्या एका मुलानं विचारलं, "काका, अण्णा गेले तेव्हा काय झालं?" माझ्या पोटात गोळा आला. काका शांतपणे म्हणाले, "त्याच्या घरच्यांना त्यानं सांगितलं नव्हतं. त्यानं जिवंतपणी जे सांगितलं नाही ते मी त्याच्या माघारी माइकवरून सांगू?" मुलगा ओशाळला, तेव्हा काकाच त्याला म्हणाले, "दुसरं काहीतरी विचार." त्यानं २०१८ च्या निकालाचं विचारलं. "अण्णानं दुसऱ्या दिवशीचा पेपर घेतला, पेन्सिलीनं बातमीतलं शुद्धलेखन सुधारलं, मग कापून माझ्याकडं दिलं. फाइलला लाव म्हणाला."

आम्ही जिवंत माणसांच्या होकाराबद्दल इतकं बोलतो. जो गेला त्याचा होकार कोण देणार? त्या संध्याकाळपासून हा प्रश्नही मी तालमीत विचारते. उत्तर दर वेळी तेच येईल असं नाही. एखाद्या मुलीला आपल्या गेलेल्या सखीचं नाव मोठ्यानं घ्यावंसं वाटेल आणि तेही बरोबर असेल. पण ते आधी एकदा मनाशी ठरवलेलं असावं.

त्यानंतरचा वेळ कागदपत्रांवर गेला, आणि मला तो गोष्टींइतकाच महत्त्वाचा वाटतो. १७ ऑक्टोबर २०२३ ला न्यायालयानं समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. मग अशा जोडीदारांच्या हक्कांचा विचार करायला कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये केंद्राकडून काही सूचना निघाल्या. जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, असं आरोग्य मंत्रालयानं राज्यांना कळवलं. आणि शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातलं धरावं, असं अन्न व सार्वजनिक वितरण विभागानं कळवलं. हे शेवटचं मी वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी वळून काकांकडं पाहिलं.

प्रेक्षकांत एक वकील होत्या. त्यांनी बजावलं, की नॉमिनी झालात म्हणजे मालक झालात असं समजू नका, मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार घ्या, जमलं तर नोंदवून टाका. मी माझ्या कामातली एक गोष्ट जोडली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणं कुणाही सज्ञान व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे मानसिक आजारात उपचारांच्या निर्णयांत आपल्या बाजूनं उभं राहणारं माणूस, नेमता येतो, आणि तेही साध्या कागदावर, सहीनिशी. तो रक्ताचा नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. माझ्या जोडीदारानं आणि मी एकमेकींसाठी तो कागद केलेला आहे. सरकारी सूचना म्हणजे कायदा नव्हे, खिडकीवरच्या कारकुनाला ती माहीत नसूही शकते. तरी तिची प्रत हातात असली की बोलायला बळ येतं.

खुर्च्या आवरताना पिंपरीकडचे दोन मुलगे काकांपाशी उभे होते. दोघं एकत्र राहतात. दोन्ही नावं एका कार्डावर लागतील का, असं विचारत होते. काकांनी त्यांना भाडेकरार, आधार आणि त्या सूचनेच्या दोन प्रती काढून ठेवायला सांगितल्या. एक खिडकीवर द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. थोरला म्हणाला, "पण काका, त्यांनी नातं काय विचारलं तर?"

"मी येतो की बरोबर. सोमवारी साडेदहाला गेटपाशी या. अकरानंतर साहेब जागेवर सापडत नाहीत."